अर्डेलियाचा आवाज आणि हार्गेटची कारणं

अर्डेलिया मेब्री हसली की चर्चमागच्या अंगणातल्या कोंबड्या उडतात, असं आमच्याकडे म्हणायचे. भजनमंडळात मी तिच्या शेजारी उभी राहते. माझा डावा कान तिनंच कामातून घालवला.

अलाबामातल्या आमच्या गावात हार्डवेअरचं एकच दुकान उरलंय, रॉइस हार्गेटचं. दुसरं होतं, तिथे अर्डेलियानं उभी हयात रंग, बिजागऱ्या आणि नळ विकले. ते बंद पडलं तशी ती हार्गेटकडे मुलाखतीला गेली. नोकरी लागली एका गोऱ्या पोराला, जो कालपरवापर्यंत घरोघरी पिझ्झा पोचवत होता. हार्गेटच्या गल्ल्यामागे काळं माणूस कधीच कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आम्हा काळ्या बायांना खरं कारण सांगायची गरज नव्हती. पण अर्डेलिया पडली सरळ बाई. ती कारण विचारायला गेली.

"तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही," हार्गेट म्हणाला.

ही वाचनालयात जाऊन कॉम्प्युटर शिकली. पुढे दुकानात पुन्हा जागा निघाली, तेव्हा परत गेली. या खेपेला तो म्हणाला, "खरं सांगू का बाई, तुमचा आवाज फार मोठा आहे. गिऱ्हाईक बिचकतं."

ते मात्र तिला लागलं. अर्डेलिया हळू बोलायला लागली. भजनात तिचा सूर ऐकू येईना. जेवणावळीत कुणी विनोद केला तर तोंडावर हात ठेवून हसायची. माझं डोकंच फिरलं.

"अगं, दुखणं त्याचं, आणि औषध तू कसलं घेतेस?"

"कशावरून त्याचं, व्हर्लीन? बोलले असेन मी मोठ्यानं. माझंच चुकलं असेल."

चूक आपली होती की नव्हती, एवढं एकदा कळावं, म्हणून तिनं दावा लावला.

तिच्या वकील समरॉलबाईंचं आजोळ आमच्याच गावचं. त्यांनी सरळ सांगितलं, "त्याच्या मनात काय होतं, ते उघडून दाखवता येत नाही. त्यानं दिलेलं कारण खोटं आहे, एवढं दाखवू. मग खरं काय ते ज्युरी ओळखेल."

कोर्टात आम्ही चर्चच्या बाया एक अख्खी ओळ अडवून बसलो होतो. हार्गेट साक्षीला उभा राहिला आणि तिसरंच कारण निघालं. "अडलं ते रविवारवर," तो म्हणाला. "मी विचारलं, रविवारी कामाला याल का? तर म्हणाल्या, रविवारी चर्च, जमणार नाही."

आमच्या ओळीत एकमेकींना कोपरं लागली. त्याचा वकील अटलांटाचा, त्याला काय पत्ता! आणि आमची अर्डेलिया मान खाली घालून माझ्या कानाशी लागली, "मी असं म्हणाले असेन का गं?" तिचा इतका राग आला आणि इतकी दया आली, की मी तिचा हातच घट्ट धरून ठेवला.

समरॉलबाई उठल्या. "मिस्टर हार्गेट, तुम्ही तुमच्या चर्चच्या कारभारी मंडळात आहात, डीकन ना?"

"हो. वडीलही होते." त्याची छाती फुगली.

"दुकानाच्या कामामुळे कधी रविवारची प्रार्थना चुकली असेल?"

"दुकानामुळे?" हार्गेट भडकला. "अहो, प्रभूच्या दिवशी माझ्या वडिलांनी त्या दाराला हात लावला नाही आणि मीही नाही. रविवारी आमच्याकडे खिळासुद्धा विकला जात नाही! गावात कुणालाही विचारा!"

"नको," समरॉलबाई म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत तेवढं पुरे." आणि खाली बसल्या.

अटलांटाच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. हार्गेटला उमगायला जरा वेळ लागला. मग कॉलरपासून वरपर्यंत तो लाल होत गेला.

ज्युरीनं अर्डेलियाच्या बाजूनं निकाल दिला आणि नोकरी तिला द्यावी असा जजनं हुकूम केला. बाहेर बाया मिठ्या मारत होत्या, पण हिचं लक्षच नव्हतं.

"म्हणजे रविवारचं खोटं होतं," ती पुटपुटली. "मग आवाजाचंही?"

"आवाज मोठाच आहे गं बये तुझा," मी म्हटलं. "पण नोकरी नाकारली ती त्यामुळे नाही."

ती आधी रडली. मग हसली, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. दारावरचा शिपाई धावत आला.

"बाई, हळू! कोर्ट आहे हे!"

"आता हळू नाही," अर्डेलिया म्हणाली, आणि पुन्हा हसली.