साडेतीन घोड्यांचा जामीन

‘आमच्या घराण्यात कुणी कुणाचं देणं लागत नाही’ हे वाक्य मी सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच इतक्या वेळा ऐकलं, की मला वाटलं देवघरात टाकांच्या शेजारी त्यालाही हळदकुंकू वाहतात की काय. बोलायचे ते माझे सासरे, फत्तेसिंगराव. म्हैसूरच्या रिसाल्यातले निवृत्त दफेदार. मोठ्या लढाईत मिसरला, म्हणजे इजिप्तला जाऊन आलेले, एका पायाने लंगडे, पण ओसरीवरच्या बाकावरही घोड्यावर बसल्यासारखे ताठ बसत. वाण्याकडे उधारी नाही, सोनाराकडे गहाण नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई भागीरथीबाईंनी, शेजारून वाटीभर साखर आणलेली त्यांना कळली, तर संध्याकाळच्या आत ती परत गेलेली दिसली पाहिजे, नाहीतर जेवणावर राग.

ही हकिगत मात्र त्यांच्या चिरंजीवांची. आमच्या ह्यांची. खंडोजीराव. घेतलं एकदाचं नाव. आता रागावणारं कुणी उरलेलं नाही.

माणूस अबोल. संकोच वाटला की आधी कान लाल व्हायचे. हातात आलेली वस्तू, मग ती आपली असो की परक्याची, जागेवर ठेवताना पुसून ठेवायची. शेजारच्यांची शिडी आणली तर परत देताना तिची ढिली झालेली पायरी ठोकून द्यायचे. मी म्हणायची, दुसऱ्याची शिडी आहे हो, आपल्याला मिरवायची नाही. त्यावर नुसतं हसायचे. असा माणूस रिसाल्यात काय करणार होता देव जाणे, पण तीन पिढ्या घोड्यावर गेलेल्या, म्हणून हेही भरतीला गेले. छाती दोन बोटं कमी भरली. मामंजींनी त्यावर एक शब्दसुद्धा काढला नाही, आणि तेच ह्यांना जास्त लागलं. मग एका लाकडाच्या वखारीत चिकटले. हुणसूरच्या रस्त्याने हिनकलच्याही पुढे जाऊन तोडलेली झाडं मोजायची, असलं काम.

दोड्ड गडियार, म्हणजे म्हैसूरचा घड्याळाचा मोठा मनोरा, उभं राहिलं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गंगाधरराव म्हणून एक गृहस्थ रेशमाच्या किड्यांची निरोगी अंडी तयार करवून नरसीपूर, मूगूरकडच्या रेशीमवाल्यांना पुरवायचे. अंडी नाजूक. ऊन चढायच्या आत पोचली नाहीत तर वाटेतच फुटायची, किडे बाहेर यायचे आणि तुतीच्या पानावाचून मरायचे. बस निघायची तीच ऊन चढल्यावर, आणि सायकलने तेवढा पल्ला गाठता यायचा नाही. गंगाधररावांना पहाटे निघून गावोगाव अंडी पोचवणारा माणूस हवा होता. पगार वखारीच्या दुपटीहून जास्त. अट एकच, मोटारसायकल स्वतःची पाहिजे.

ह्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मामंजी बाकावरून उठलेच. “आपलं वाहन, त्यांचा पगार? अरे, ही तर शिलेदारी झाली!”

मामंजींचे वडील रणोजीराव शिलेदार होते. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. दुसऱ्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. बारगीर हा शब्द मामंजी अशा तोंडाने उच्चारायचे, की ऐकणाऱ्याने उठून चूळ भरावी.

मोटारसायकलही नजरेत होती. नरसिंहमूर्ती नावाच्या मोटार-दुकानदाराकडे एका मळेवाल्या साहेबाची जुनी गाडी विकायला होती. साडेतीन घोड्यांची ताकद, असं ह्यांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

“साडेतीन?” मामंजी म्हणाले. “अर्धा कुणाच्या वाटणीला गेला?”

ह्यांच्या शिलकीतून तिसरा हिस्सा निघत होता. बाकीचे हप्त्यांनी. पण हप्त्यांनी द्यायला समोरच्याचा भरवसा नको? एका सावकाराने विचारलं, आधी कुणाचं घेऊन फेडलंय? ह्यांनी अभिमानाने सांगितलं, कुणाचंच घेतलं नाही. तो म्हणाला, मग फेडता की नाही ते मला कसं कळावं? बँकेतही तेच, फक्त खुर्चीवर बसवून सांगितलं. गंगाधरराव सोमवारपर्यंत थांबायला तयार होते. पुढे बेंगळूरचा एकजण मोटारसायकल घेऊन तयारच होता. आणि आमच्या भोळ्या सांबाने त्याआधीच वखार सोडली होती, म्हणे मालकाला आयत्या वेळी अडचण नको. मालकाची अडचण! मला पाचवा महिना, घरात मामंजींचं तुटपुंजं पेन्शन, आणि ह्यांना काळजी वखारवाल्याची. त्या आठवड्यात मी ह्यांच्याशी धड बोलले नाही. भीती वाटायची ती रागाने बाहेर काढायची, दुसरं काय.

शनिवारी नरसिंहमूर्ती स्वतः चामराजपुरमला आमच्या घरी आले. माणूस बघून, घर बघून काय ते ठरवू म्हणाले. काळी टोपी, कपाळाला उभं गंध, बोलणं गोड. आम्ही दोघी आतल्या दाराआड. मी कॉफी दिली आणि कान लावून उभी राहिले.

मामंजींनी भिंतीवरची तलवार दाखवली. रणोजीरावांचा घोडा कसा होता, तो कावेरीच्या पुरातून कसा पोहून आला, ते सांगितलं. मिसरच्या वाळूत आपला पाय कसा गेला, ते सांगितलं. मूर्ती कन्नडात “हौदा, हौदा”, म्हणजे ‘असं का, असं का’ करत ऐकत होते, आणि कॉफी निवत होती. शेवटी त्यांनी पेला खाली ठेवला.

“हे सगळं मोठं आहे, स्वामी. पण घोडा तुमच्या वडिलांचा आणि गाडी तुमच्या मुलाला हवी. मला एकच सांगा. ह्याने कधी कुणाचं काही घेतलंय आणि परत केलंय? असा एक माणूस दाखवा, मी त्याच्याशी बोलतो.”

मामंजींची छाती फुगली. “एकही सापडणार नाही! अख्ख्या म्हैसुरात विचारून या. आमच्या खंडूने कुणाची काडी घेतलेली नाही.”

झालं. त्यांना वाटलं किल्ला जिंकला. मूर्तींनी उठायच्या तयारीने टोपी सारखी केली. ह्यांचे कान लाल. मान खाली.

आणि मला तर माहीत होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ह्यांच्या धोतराचं टोक साखळीत अडकून फाटलेलं मी शिवलं होतं, तेव्हा मला सगळं सांगितलं होतं, आणि कुणाला बोलू नको म्हणून देवाची शपथ घातली होती. वखारवाला एक नंबरचा कंजूष. हिनकलपर्यंत पायी जा म्हणायचा. म्हणून हे तीन वर्षं भाड्याने सायकल घेत होते. मामंजींच्या भाषेत बारगिरी करत होते. मामंजींना कळलं तर घर डोक्यावर घेतील, म्हणून सायकल कधी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा आली नाही.

मूर्ती पायात जोडा घालत होते. मी शपथ मोडली. देव काय तो बघून घेईल म्हटलं, सोमवार काही थांबणार नाही. पदर घेऊन दारात आले आणि परक्या माणसासमोर, सासऱ्यांसमोर, बोलले. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

“सत्यनारायण शिंप्यांना विचारा. हे तीन वर्षं त्यांची सायकल भाड्याने नेतात. नेतात आणि परत करतात.”

मग मामंजी म्हणाले, “भाड्याची?” आधी हळू. मग त्यांचा आवाज चढला. “भाड्याच्या सायकलवर? शिलेदाराचा नातू? बारगीर झालास तू, खंडू! लोकांच्या चाकावर बसून गाव हिंडलास आणि मला...”

“सुम्मने, गप्प बसा हो.”

हे माझ्या मागून. आत्याबाई! ज्या माउलीने जन्मात मामंजींना मीठ कमी आहे का एवढंही मोठ्याने विचारलं नाही, ती दार ओलांडून बाहेर आली होती.

“तुमच्या वडिलांचा तो पोहणारा घोडा काय आभाळातून पडला होता? रिसाल्याच्या फंडातून उचल घेऊन आणला होता, आणि दर महिन्याला पगारातून कापून जात होता. फिटला तेव्हा तुमच्या आईने घरात गोड केलं. माझ्या सासूने स्वतः सांगितलंय मला. आणि तुमचा मिसरचा घोडा तर सरकारचाच होता ना? मग तुम्ही कोण झालात?”

मामंजी बाकावर बसले. मी त्यांना तसं वाकून बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. राग होता माझा त्यांच्यावर, पण असं त्यांना बघायचं नव्हतं.

मूर्ती मोठे शहाणे. त्यांनी कुणाच्याच तोंडाकडे पाहिलं नाही. जोडा पुन्हा काढला आणि म्हणाले, “त्या सत्यनारायणांना बोलावता का?”

सत्यनारायण मागच्याच रस्त्याला. विठ्ठलाचे भक्त, शिवणकामाचं दुकान. सणवार सरले की काम कमी म्हणून दारात तीन-चार सायकली भाड्याला ठेवलेल्या. गळ्यातली टेप काढायचंही भान न ठेवता आले. काय प्रकार आहे तो कळल्यावर मामंजींकडे चोरून पाहिलं, कारण मामंजींचे कोट तेच शिवायचे आणि इतकी वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

“येन् हेळली, काय सांगू, मूर्तीगळे,” ते म्हणाले. “भाड्याची सायकल लोक कशी वापरतात, माहीत आहे ना? भाडं दिलंय म्हणून खड्ड्यातनं दामटतात. ह्या खंडूने नेलेली सायकल मला पुसायला लागली नाही कधी. एकदा सांजच्याला बघतो तर काय, हा सायकल खांद्यावर घेऊन चालत येतोय! हिनकलच्या पलीकडनं. टायर फाटला होता. मी म्हटलं, अरे, ढकलत आणायची की. तर म्हणतो, रिम वाकली असती, मामा. आणि चालत यायला लागलेल्या वेळाचंही भाडं पुढे केलं. मी घेतलं नाही. तर दुसऱ्या दिवशी नवा टायर आणून ठेवला. आता माझं गिऱ्हाईक जातंय, नोडी, बघा, पण विचारलंत म्हणून सांगतो.”

“जामीन राहाल?” मूर्तींनी विचारलं.

सत्यनारायणांनी टेपेचं टोक बोटाला गुंडाळलं. गरीब माणूस, चार पोरांचा बाप. बाकीची रक्कम त्यांच्या वर्षभराच्या शिलाईपेक्षा मोठी असेल. ह्यांनी “नको, मामा” म्हणायला तोंड उघडलं तोवर ते म्हणाले, “राहतो. द्या कागद.”

मूर्तींनी कागद काढला. दौत मी आणली. सत्यनारायणांनी सावकाश, एकेक अक्षर लावत सही केली. टाक खाली ठेवणार, एवढ्यात मामंजी उठले. लंगडत आले.

“इकडे द्या.”

“अप्पा, तुम्ही...” हे म्हणाले.

“गप. परका माणूस माझ्या पोराच्या पाठीशी उभा राहतो आणि मी काय तलवारी दाखवत बसू?”

आणि ज्यांनी आयुष्यात कुणाच्या कागदावर नाव घातलं नव्हतं, त्यांनी सत्यनारायणांच्या सहीखाली सही केली. दफेदार, निवृत्त, सगळं लिहिलं. शाई सुकेपर्यंत कागद हातात धरून राहिले.

मी आत आले, पाटावर बसले आणि रडले. आत्याबाई शेजारी बसल्या, त्याही रडल्या, आणि मग आम्ही दोघी तोंडाला पदर लावून हसत सुटलो. इतकं मोकळं मला माहेर सोडल्यापासून वाटलं नव्हतं.

गाडी रविवारी घरी आली. आत्याबाईंनी तिला ओवाळलं. मामंजींनी घोड्याच्या मानेवर थोपटावं तसं इंजिनावर थोपटलं, आणि हात पोळला. “अर्धा घोडा इथे आहे वाटतं, चावतो,” म्हणाले. सोमवारी पहाटे हे पाठीमागे ओल्या फडक्यात गुंडाळलेली पेटी बांधून नरसीपूरला गेले आणि जेवायच्या वेळेला धुळीने माखून परत आले. पेटी रिकामी, सगळी अंडी धड पोचलेली. ह्यांनी आधी गाडी पुसली, मग तोंड धुतलं.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला हे मूर्तींच्या दुकानी जायचे. ते परत येईपर्यंत मामंजी ओसरीवरून हलायचे नाहीत. आले की एकच विचारायचे, “देऊन आलास?” हे म्हणायचे, “हो, अप्पा.” मग मामंजी रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून सांगायचे, आमच्या खंडूचा हप्ता एक दिवस चुकलेला नाही. ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही सांगायचे.

आमची वनजा चालायला लागली त्या सुमारास सगळं फिटलं. सत्यनारायणांना घरी जेवायला बोलावलं. मामंजींनी त्यांना आपल्या शेजारच्या पाटावर बसवलं आणि आपल्या हाताने वाढलं. कागद फाडून चुलीत घातला.

पुढच्या पहिल्या तारखेला हे घरीच होते. मामंजी बाकावर येऊन बसले, वाट पाहिली आणि शेवटी आत हाक मारली.

“खंडू, गेला नाहीस?”

“आता काही द्यायचं नाही, अप्पा. फिटलं ना सगळं.”

“फिटलं,” मामंजी म्हणाले. रस्त्याने जाणाऱ्या एकाकडे बघितलं. “मग आता मी लोकांना काय सांगू रे? बघ, मूर्तींकडे दुसरं काही असलं तर. मी सही करतो.”