बाच्या चपला

नव्या रबरी चपलांचा वास आला की मला हायस्कूलमधली कॉम्प्युटरची खोली आठवते. डोळखांबकडच्या पाड्यांवरून चालत येणारी आम्ही सगळी मुलं 'फ' तुकडीत होतो. त्या खोलीत जाताना चपला दाराशी काढायचा नियम होता; तिथे इतर मुलांच्या नव्या रबरी चपलांची रांग असायची. आम्ही अनवाणीच यायचो, नळावर पाय धुतले तरी पटांगणातली माती पुन्हा लागायची आणि सर दारातूनच परत पाठवायचे. मग वर्गात फळ्यावर कीबोर्ड काढून शिकवायचे. एक दिवस मी बाच्या चपला मागितल्या. "ने गो, माझं चालंल," म्हणत तो अनवाणीच वीटभट्टीवर गेला. झिजू नयेत म्हणून चपला मी वाटभर हातात धरल्या, फाटकाशी घातल्या आणि इतरांसारख्याच ऐटीत दाराशी काढल्या. सरांनी आत सोडलं. तास संपल्यावर बाहेर आले, तर चपला नव्हत्या. "इतक्या जुन्या चपला कोण नेईल?" म्हणून सर हसले. संध्याकाळी बाच्या तळव्यांना फोड आले होते. सगळं ऐकून तो म्हणाला, "जाऊ दे, नाय तरी चावत व्हत्या." चार वर्षं घातलेल्या चपला चावत नसतात. आता माझं सगळं काम कॉम्प्युटरवरच असतं, पण दारात चपला काढायला लावणाऱ्या खोलीत मी पाय ठेवत नाही.