उसनं वाक्य

आखातातल्या फहाहील गावच्या त्या इमारतीत हुस्नाला सगळे ‘चिनी बाई’ म्हणत. चिनी तिला ओ की ठो कळत नव्हतं. चिनी प्रेमकथांची इंग्रजी भाषांतरं समोर ठेवून ती भारतातल्या एका ऑडिओ ॲपसाठी त्या मराठीत आणायची.

तिचं घोडं अडायचं एकाच वाक्यापाशी: ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे.’ तिच्या गावी, रत्नागिरीत, हे कुणी कुणाला म्हटल्याचं तिच्या ऐकण्यात नव्हतं. मग एका प्रस्तावनेत तिनं वाचलं, की प्रेम असं तोंडावर बोलून दाखवणं चिनी कथांतही परदेशी कादंबऱ्यांच्या भाषांतरांनीच रुळवलं. त्याआधी ‘गार वारा सुटलाय, अंगावर काही घे’ एवढ्यात काम भागायचं. हुस्नाला हायसं वाटलं. म्हणजे उसनवारी सगळ्यांचीच!

तिचा नवरा मुझफ्फर दुपारी दुकानातून फोन करून एवढंच विचारायचा, “जेवलीस काय गो?”

“नाय, रोजा धरलाय!” ती फणकारायची.

मग मुझफ्फरनं अंथरूण धरलं. यकृताचा कॅन्सर, आता थोडेच दिवस, असं डॉक्टरांनी हुस्नाला बाहेर बोलावून सांगितलं. तिनं त्याला कावीळ म्हणून सांगितलं. माणूस धसक्यानंच जायचा; निदान लेक इक्रा कॅनडाहून येईपर्यंत तरी त्याला कळायला नको होतं. तोही बिचारा पडल्या पडल्या रमजानसाठी दुकानात काय भरायचं ते ठरवत होता.

एका संध्याकाळी ती त्याला पेज भरवत होती. परक्यांच्या तोंडी इतक्यांदा घातलेलं ते वाक्य, आपल्या माणसानं एकदाही ऐकू नये?

“अवो,” ती म्हणाली, “माझं तुमच्यावर प्रेम आहे.”

मुझफ्फर तिच्याकडे बघतच राहिला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

“डाक्टरनं काय सांगितलान?”

“काय सांगणार? कावीळच.”

“हुस्ना, कावीळ झालेल्या माणसाला असा कोण बोलतो?”

तिला वाटलं, आपली जीभ झडली का नाही! वाडगा हातात धरून ती ढसाढसा रडली. मग लपवण्यासारखं काही उरलं नाही.

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “इक्रा कधी येतेय?”

“शुक्रवारी.”

तो कूस बदलून तिच्याकडे वळला.

“तू जेवलीस काय गो?”

आज तिला फणकारता आलं नाही.

“नाय,” ती म्हणाली.