मार्केसाच्या घरात आई पाहुणी

कार्ताहेनाच्या धक्क्याला सकाळी पर्यटकांचं जहाज लागलं, की गाइड एव्हारिस्तोच्या जिभेला हाड राहत नसे. जहाजवाल्यांना दुपारच्या जेवणाला बोटीवर परतायचं असतं. तेवढ्यात त्यांना तटबंदी हवी, चर्च हवं, समुद्री चाचा तर हवाच हवा. खरा इतिहास ऐकायला इथं वेळ आहे कुणाला?

एकदा उन्हानं जीव कासावीस झाला, म्हणून त्यानं आपला कळप स्वतःच्याच दारात थांबवला आणि आत जाऊन घटाघटा पाणी प्यायला. बाहेर येतो तर एका बाईचा प्रश्न, "या घराचं विशेष काय?"

विशेष काय असणार, कपाळ! भाड्याचं घर, गळकं छप्पर, आणि आत त्याची आई सेफेरिना अंडं भरून मक्याच्या पुऱ्या तळतेय. पण 'काही नाही' म्हणेल तो गाइड कसला? ठोकून दिलं यानं: या सज्जातून एका मार्केसानं, म्हणजे बड्या सरदाराच्या बायकोनं, चाच्याच्या प्रेमापायी उडी घेतली! बाईनं डोळे पुसले.

"मेल्या, त्या सज्जातून कोंबडी पडली तरी लंगडायची नाही," आई आतून ओरडली. पर्यटकांना कुठली स्पॅनिश कळायला? सगळ्यांना वाटलं, विलाप चाललाय.

मग काय, दर बोटीला तेच. इतर गाइडही थांबायला लागले. कुणी मार्केसाला मूल चिकटवलं, कुणी भूत. गोष्ट फिरत फिरत घरमालक ग्रेगोरियोच्या कानावर गेली. जन्मात ज्यानं छपराकडे मान वर केली नव्हती, तो सज्जाकडे टक लावून बघू लागला.

"सेफेरिना, वाईट वाटून घेऊ नकोस हं. इतिहास आहे हा. जपायला नको का?"

आणि जपण्यासाठी त्यानं आधी तिलाच बाहेर काढलं. घराचं 'मार्केसा' हॉटेल झालं, मायलेक गावाच्या पार टोकाला पत्र्याखाली गेले, आणि एव्हारिस्तोला हॉटेलनं कामावर ठेवलं. गोष्ट छान सांगतो म्हणून! लाज वाटत होती त्याला, पण पोटापुढे लाज किती टिकणार?

आईचं एकच टुमणं, "एकदा माझं घर आतून बघू दे." पण दारावरचा रखवालदार गल्लीतल्या माणसांना उंबरा ओलांडू देत नसे. शेवटी एव्हारिस्तोनं तिच्या डोक्यावर गवती टोपी घातली, छातीवर जहाजाचा बिल्ला चिकटवला आणि कळपात सोडली. रखवालदारानं लवून सलाम केला.

आतल्या चौकात येताच म्हातारी थांबली. तिच्या चुलीच्या जागी आता कारंजं उडत होतं. तिनं तिथं बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "इथं! या इथं मी या गाढवाला जन्म दिला. सुईण वेळेवर आली नाही, माझा नवरा दारू पिऊन पडलेला, आणि हा आला तो उलटा, पाय पुढे करून. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी!"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. "काय म्हणतायत त्या?" एका म्हाताऱ्यानं कौतुकानं विचारलं.

जिन्यापाशी मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. एव्हारिस्तोनं त्याच्याकडे चोरून पाहिलं.

"त्या म्हणतात," तो इंग्रजीत म्हणाला, "कारंजं फार सुंदर आहे."

माना डोलल्या, फोटो निघाले. आईनं त्याची बाही ओढली.

"काय सांगितलंस रे त्यांना?"

"तू म्हणालीस तेच, आई."

"मग हसलं कसं नाही कुणी?"