भावाच्या नावाचा दगड

"पोरी, तुह्या भावाले मारलं कोनं? पोलिसायनं का जंगलवाल्यायनं?"

हातात बुंदीचं भांडं घेऊन मैत्रिणीची काकू मला विचारत होती. मैत्रिणीच्या आजोबांची तेरवी होती. पंगतीतल्या बायांचे हात थांबले.

"ठाऊक नाही," मी म्हणाले.

"ठावं नाही कसं? उगीच कोनी मारते काय? जाय, मांगच्या दारी बस. तुमच्या मांगं कोन येईन, काय नेम!"

मैत्रीण ताटाकडे बघत राहिली. मी उठले. मागच्या दारी जाऊन बसले आणि जेवलेही.

तिथून आजोबांचा फोटो दिसत होता. हार, उदबत्ती, गावभरची माणसं. म्हातारा आपल्या घरी, आपल्या खाटेवर मेला. मैत्रीण मोकळेपणी रडली, तिला दहा जणींनी जवळ घेतलं. मला तिचा हेवा वाटला. मेलेल्या म्हाताऱ्याचाही वाटला.

आमचं गाव इथून लांब, मोठ्या जंगलात. रात्री बंदूकवाले भात मागायचे. सकाळी दुसरे बंदूकवाले यायचे, भात का दिला म्हणून मारायचे. आम्ही पोरी पाण्यालाही एकट्या जात नव्हतो. एक दिवस भाऊ नाल्यात सापडला. त्याला मातीत ठेवलं आणि त्याच दिवशी आई मला घेऊन निघाली, इकडे झरी जामणीला, आत्याकडे.

आमच्या जमातीत मेलेल्याच्या नावानं दगड उभा करतात. सगळे नातेवाईक मिळून तो वाहून आणतात. मग मेलेल्याला जागा मिळते. भावाचा दगड राहून गेला. आई म्हणते, दगड दिसला की लोक विचारतील, कुठून आलात, का आलात. म्हणून ती रडतसुद्धा नाही.

काकू पुन्हा वाढायला आली.

"घे ओ बाई, पोटभर खाय. तुमच्यात तेरवी थोडीच करतेत!"

मी ताट खाली ठेवलं.

"आमच्यात दगड उभा करतात काकू. माझ्या भावाचा अजून राहिलाय."

"काहून तडकतं? म्या काय वाईट बोलली?"

मी उठले. पुढच्या दारानं, पंगतीच्या मधून बाहेर पडले.

आत्याच्या शेताचा एक बांध रस्त्याला लागून आहे. मैत्रिणीच्या घरचा ट्रॅक्टर रोज तिथूनच जातो. दगड तिथेच उभा राहील. आई नको म्हणते आहे. आत्या हो म्हणाली. आम्ही दोघी वाहून आणू.

कोणी मारलं, असं विचारणाऱ्याला आधी माझ्या भावाचं नाव ऐकावं लागेल.

मैत्रिणीचा हेवा गेलेला नाही. दगड उभा राहीपर्यंत तो मी जाऊ देणार नाही.