कोय धरेपर्यंत

"पहिले पुसा लागते," मामा म्हणायचे आणि झाडाच्या खोडावर डावा तळहात ठेवून घटकाभर उभे राहायचे. मग विळा चालायचा. मोठी फांदी छाटायची असो की कढीपत्त्याच्या दोन काड्या तोडायच्या असोत, पुसल्याशिवाय नाही.

आमच्या नागपूरकडे पुसणे म्हणजे विचारणे. पण हे पुण्याकडून बदलून आलेल्या साहेबांना कोण सांगणार? पहिल्याच आठवड्यात ते चाफ्याची फांदी तोडायला निघाले. मामा मागून म्हणाले, "साहेब, पहिले पुसा लागते." साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि फांदी बुडापासून शेंड्यापर्यंत स्वच्छ पुसून घेतली. आम्ही बाया खिडकीत तोंडावर ओढण्या दाबून उभ्या. मामा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "चालते. त्यायच्याकडे असंच पुसत असतीन."

हुडकेश्वरच्या पुढे आमची सरकारी रोपवाटिका आहे. तिथे मी क्लार्क. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि ही गोष्ट मी कोणी न विचारताच सांगते. बाप भाजीचा ठेला लावायचा, आज त्याच्या पोरीची सही झाल्याशिवाय रोपांची गाडी फाटकाबाहेर पडत नाही. अभिमान आहे. का नसावा? मामा तिथले जुने मजूर, देवलापारकडचे गोंड. वाफे, कलमं, बियाणं सगळं त्यांच्या हातात आणि कागद सगळे माझ्या हातात. अशा जोड्या तुम्हीही पाहिल्या असतील. दोघांनाही वाटतं, कारखाना आपल्यामुळेच चालतो.

बायको वारल्यावर मामांनी मुलीला आठवीसाठी गावाहून इकडे आणलं. शाळा सुटली की ती माझ्या टेबलाच्या कडेला गणितं सोडवत बसायची. पाच वाजले की मामा तिला घेऊन वाफ्यांमधून फिरायचे. ती तिची दुसरी शाळा, मामा सुटीला गावी जात तेव्हापासून चालत आलेली.

"हे काय वं?"

"मरा."

"झाड हाये हे त मलेबी दिसते. कोणतं?"

"मरका."

"आन याले काय टाकतेत?"

"येर."

झाड, आंबा, पाणी. मला गोंडी एवढीच येते, तीही खिडकीतून ऐकून. आपल्या कुळाचं झाड कोणतं, कोणतं लाकूड आपण चुलीत घालत नाही, कोणत्या पाखराला दगड मारत नाही, हे सगळं चालता चालता व्हायचं. पोरगी चुकली तर मामा रागवायचे नाहीत. फक्त पुढच्या वाफ्याकडे जायचे नाहीत. ती बरोबर सांगेपर्यंत बाप-लेक तिथेच उभे.

एकदा मी म्हटलं, "मामा, काहून इतका तरास देता पोरीले? दहावी येऊन राहिली तिची."

"म्याडम, मले माह्या मायनं सांगतलं. तिले तिच्या मायनं. आता हे एकच हाये. इनं नाही घेतलं त सारं माह्यापाशीच सरलं."

मी मान हलवली. पण मनातून मला वाटायचं, सरलं तर सरलं. पोरगी शिकली म्हणजे झालं.

त्या वर्षी होळीनंतर ऑफिसमागचा आंबा कैऱ्यांनी वाकला होता. मी एक कैरी चिरली, तिखट-मीठ लावून फोड पोरीपुढे धरली. तिनं हात मागे घेतला.

"आमचं पंडुम नाही झालं अजून."

पंडुम म्हणजे त्यांचा नव्या फळाचा सण. गावात तो झाल्याशिवाय ते लोक आंब्याला तोंड लावत नाहीत.

"अवं, तू विज्ञान शिकते ना?" मी म्हटलं. "सण झाल्यावर कैरीत काय बदलते? खा. काही होत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, फोडीकडे पाहिलं आणि खाल्ली. मला वाटलं, आज मी एका मुलीला पुढे नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा टेबलाशी आले. हातात कैरी. ती माझ्या फायलीवर ठेवून त्यांनी चाकूनं उभी कापली. चाकू कोयीतून असा गेला जसा काकडीतून जावा. आत सगळं पांढरं, मऊ, पाणचट.

"याच्यात जीव भरला काय म्याडम?"

"नाही."

"आत्ताच साऱ्यायनं खाऊन घेतली त पुढं लावान काय? कोय धरेपर्यंत सबर करा लागते. पंडुम तवाच असते." मग त्यांनी माझ्या रजिस्टरकडे बोट केलं. "मागच्या साली ठेकेदारानं कोया आणल्या. उगवल्या काय? तुमीच लिवलं ना?"

लिहिलं होतं. माझ्याच सुवाच्य अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित करून : 'बियाणे अपरिपक्व. उगवण नाही.'

मी विचारलं, "पोरीले रागावले काय?"

"नाही जी. पुसलं, कशी लागली. म्हणे, आंबट." ते हसले. मग ते हसू गेलं. "तुमी शिकल्या हाव, म्याडम. मी तिले धा वर्सं सांगतो. तुमी एकडाव म्हणता काही होत नाही, आन ते धा वर्सं जातेत."

पदवी मिळाली तेव्हा बापानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. पण त्या कागदात एवढं वजन आहे, आणि ते कोणाच्या अंगावर पडू शकतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी मी पोरीला रजिस्टर उघडून दाखवलं. सरळ सांगितलं, "माझं चुकलं वं. तुह्या बाबाचं बरोबर हाये."

"मले माहीत हाये न, म्याडम."

"मग खाल्ली काहून?"

"तुमी देली म्हणून. मोठ्या माणसानं देलेलं वापस नाही करा लागत. हेबी बाबानंच सांगतलं."

दारात उभ्या मामांनी कपाळावर हात मारला. "घ्या! आता कोणाले बोलू?"

पोरगी पुढे कृषी पदवीधर झाली. आता नागपुरात मनीषनगरला खोली घेऊन राहते, बियाण्यांच्या प्रयोगशाळेत जाते. मामा निवृत्त होऊन गावी गेले आणि मागच्या हिवाळ्यात तिथेच वारले. मला दोन दिवसांनी कळलं. वैशाखात तिचा फोन आला, "म्याडम, पंडुमले या." इतक्या वर्षांत मी त्यांच्या गावी पहिल्यांदा गेले.

झाडाखाली पळसाची पानं मांडली होती. नवं फळ आधी पुरख्यांना, म्हणजे वाडवडिलांना, मग माणसांना, असा तिथला नियम. घरच्या पुरख्यांना कोणी हाक मारायची, यावर मंडळींत कुजबुज चालू होती. एक म्हातारा चुलता मोठ्यानं म्हणाला, "इले काय येते? हे नागपूरवाली झाली."

ती पदर खोचून पानांपुढे बसली आणि गोंडीत एकेक नाव घेऊ लागली. नाव घ्यायची, आंब्याची एक फोड पानावर ठेवायची, पुढे सरकायची. आजी, पणजी, त्यांच्याही मागचे कोण कोण. कुठेही अडली नाही. चुलत्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, आणि दोन नावांवर तोच मागे पडला.

शेवटच्या पानाशी तिनं जे नाव घेतलं ते मी वर्षानुवर्षं हजेरीपटावर लिहिलं होतं. ते हाक मारल्यासारखं उच्चारलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

फोड ठेवून ती बाजूला सरली. तिच्या चुलत बहिणीची चार वर्षांची चिमुरडी सरकत पुढे आली आणि तिनं त्या शेवटच्या पानाकडे हात नेला. मामांच्या पोरीनं तिचं मनगट हळूच धरलं आणि तिला मांडीवर ओढून घेतलं.

"थांब वं माय," ती म्हणाली. "बाबा खाऊन राहिला."