आवाज येतो

माझी थोरली बहीण गाड्यांमध्ये सबवूफर बसवते. हे ऐकलं की लोक माझ्या तोंडाकडे बघतात, मी आता चूक सुधारून 'बहिणीचा नवरा' म्हणेन या आशेने. नाही म्हणणार. सोळा वर्षं ती लोकांच्या डिकीत डोकं घालून काम करतेय आणि मी शेजारच्याच गाळ्यात सीट कव्हरं शिवतो. सगळं डोळ्यांनी बघितलंय.

दुकानात तिला कानताई म्हणतात. गाडीतून कसलातरी आवाज येतो अशी तक्रार घेऊन कुणी आलं की ती आधी हत्यार उचलत नाही. म्हणते, "तोंडाने काढून दाखवा." मग भलेभले साहेब टाय सावरत फुटपाथवर उभे राहून 'घूंऽऽ' करतात. खडखड असेल तर ती नंबरप्लेटमागे फोमची पट्टी लावते. फुसफुस असेल तर सबवूफरच्या लाकडी पेटीच्या सांध्यातून हवा निसटतेय. घूं असेल तर मात्र वायरींकडे बघायचं. "अर्धा रोग लोकांच्या तोंडातच असतो," ती म्हणते, "फक्त त्यांची लाज घालवायची."

अशा बाईला दुकानाच्या शेठने कान तपासायला पाठवलं. आठवलं की अजून माझ्या डोक्यात तिडीक जाते.

झालं असं, की एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची नवीकोरी गाडी आली. पेटी ताईने बसवली, वायरी ओढल्या शेठच्या मेहुण्याने. हे मेहुणे दोन महिन्यांपूर्वी दुकानात उगवले. ते नेमकं काय काम करतात हे शेठलाही सांगता येणार नाही, पण बायकोच्या भावाला विचारणार कोण? संध्याकाळी ताईने गाणं न लावता इंजिन सुरू केलं, कान दिला आणि गाडीच्या कार्डावर लिहिलं, 'आवाज येतो.' म्हणजे घूं होतंय, गाडी सोडू नका. सकाळी ती यायच्या आत मेहुण्यांनी कार्ड वाचलं. आवाज येतो! सबवूफरमधून आवाज यायलाच हवा की! त्यांनी हसतमुखाने चावी देऊन टाकली.

डॉक्टरीणबाई तीन दिवसांत परत आल्या. मेहुण्यांनी अॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा डबा, बदलून दिला. त्या पुन्हा आल्या. आता पेटीच बदलायची ठरली, आणि चूक कुणाच्या गळ्यात मारायची याचा शोध सुरू झाला. शेठ अपमान करतानाही अहो-जाहो सोडत नाही. कार्ड ताईच्या नाकासमोर धरून म्हणाला, "ताई, अक्षर तुमचंच ना? 'आवाज येतो.' तुम्हीच पास केलीत गाडी."

"अहो, नको तो आवाज येतो, असं लिहिलंय मी!"

"'नको तो' कुठाय यात?"

ते दोन शब्द कार्डावर खरंच नव्हते. सोळा वर्षं ती तसंच लिहीत होती आणि सोळा वर्षं सगळ्यांना बरोबर कळत होतं. मेहुणे येईपर्यंत.

मग ती कानाची तपासणी. रिपोर्ट अगदी स्वच्छ आला. शेठने तो वाचला आणि म्हणाला, "ऐकू येतं, एवढंच लिहिलंय. ऐकू तर मलाही येतं." सोमवारपासून ताईने काउंटरवर बसायचं, डिकीला हात लावायचा नाही. तिचं बुटकं स्टूल, ज्याची गादी मी स्वतः शिवलीय, तेही काउंटरमागे नेऊन टाकलं. त्या संध्याकाळी ती माझ्या गाळ्यात येऊन रडली. सोळा वर्षांत पहिल्यांदा. "मला आराम नको रे," म्हणाली, "मला माझं काम हवंय." मी कात्री हातात घेऊन उठलोच होतो, तिनेच हाताला धरून बसवलं.

सोमवारी डॉक्टरीणबाई पेटी बदलायला आल्या. "दिवसभर ड्रिलची घरघर ऐकते, निदान गाडीत तरी नको," असं शेठला सुनावत असतानाच त्यांना काउंटरमागे ताई दिसली. "पेटी यांनीच बसवली ना? मग या इथे काय करतायत?"

शेठ काही बोलायच्या आत ताई बाहेर आली. "बाई, तोंडाने काढून दाखवा."

बाईंनी जराही न लाजता भररस्त्यात आवाज काढला. "घूंऽऽ. आणि अॅक्सिलरेटर दाबला की वर चढतो."

"गाणं बंद असताना?"

"तेव्हा तर जास्तच."

ताईने डिकी उघडली. इंजिन सुरू ठेवून अॅम्पची सिग्नलची वायर उपसली. घूं बंद. "अॅम्प धड आहे, पेटीही धड आहे," ती म्हणाली आणि अर्थिंगची काळी वायर धरून कार्पेटखाली गेली. वायरीचं टोक सरळ चकचकीत रंगावर स्क्रूने बसवलेलं. खालचा पत्रा उघडा केलेलाच नव्हता, आणि रंगातून अर्थिंग लागत नाही.

"रंग का नाही खरवडला?" तिने विचारलं.

"नव्या गाडीला ओरखडा काढायचा?" मेहुणे कळवळून म्हणाले.

ताईने रंग खरवडला, पत्रा लखलखेपर्यंत. वायर घट्ट आवळली, सिग्नलची वायर परत जोडली. बाईंनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही.

"बघा, एवढीशीच तर गोष्ट होती," शेठ म्हणाला. चुकलो म्हणायला याची जीभ का जड होते, देव जाणे!

ताईने कार्डावर लिहिलं, 'आवाज येत नाही.' शेठ वाचून दचकला. "येत नाही? आता काय बिघडवलंत?"

डॉक्टरीणबाई स्टिअरिंगवर डोकं टेकून हसायला लागल्या. ताईने कार्ड परत घेतलं, सुरुवातीला 'नको तो' हे दोन शब्द घातले आणि ते शेठच्या हातात दिलं. मग काउंटरमागचं स्टूल उचलून आपल्या जागेवर आणून ठेवलं.

"अहो ताई, मग काउंटरवर कोण बसणार?"

"मेहुण्यांना बसवा," ताई म्हणाली, "त्यांना वाचता येतं."